खात्रीने सांगता येत नाही

धूळ येणार हे आधी दातांना कळतं. सकाळी पोळीचा घास तोंडात घालावा आणि तो करकरावा. खिडक्या बंद, फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल, तरी दुपारपर्यंत टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर बसतो. आभाळ चहाच्या गाळासारखं होतं, समोरच्या इमारतीत भर दिवसा दिवे लागतात, आणि कुवेतमधल्या आमच्या सालमियाच्या रस्त्यावरच्या गाड्या आंधळ्यासारख्या चाचपडत सरकतात. इथले लोक या धुळीला तोझ म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये ती येते, दोन दिवस मुक्काम करते, जाते, पुन्हा येते. सोळा वर्षं मी ती पुसते आहे. श्रीधरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिचा कंटाळा येतो. मुलीला तिच्यामुळे शाळेला सुट्टी मिळाली तर आनंद होतो. मला तिची शिसारी येते. कारण धुळीच्या याच दिवसांत आमच्या इथल्या मराठी मंडळाची निवडणूक असते.

पाडवा झाल्यावर आणि लोक उन्हाळ्याच्या सुट्टीला गावी पळायच्या आत ती उरकून घ्यायची, अशी जुनी पद्धत आहे. परवाच दाराखालून एक कागद आत सरकला. उमेदवाराचा फोटो, नाव, ‘आपला कौल द्या’. मुलीने तो उचलला आणि विचारलं, “आई, हू इज धिस अंकल?” मी म्हटलं, फेकून दे. ती म्हणाली, “यू डिडन्ट ईव्हन लुक!” खरं आहे. मी बघितलंच नाही.

आमच्या मंडळात नव्वदीच्या दशकाच्या शेवटी एक लवाद समिती होती. इथल्या कोर्टात जायचं तर अरबी हवी, वकील हवा, कामावरून सुट्टी हवी आणि मुख्य म्हणजे छाती हवी. म्हणून मराठी माणसांची आपसातली भांडणं आपसातच ऐकून घ्यावीत, निवाडा द्यावा, लागलं तर मंडळाच्या कागदावर पत्र द्यावं, असं ठरलं होतं. त्या समितीचा अध्यक्ष दरवर्षी सभासदांच्या मतांनी निवडायचा. न्याय देणारा माणूस मतं मागून निवडायचा ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली ते मला माहीत नाही. तेव्हा ती मला फार पुढारलेली वाटली होती. मी समितीची चिटणीस होते. शाळेत मराठी आणि हिंदी शिकवत होते, अक्षर बरं होतं, इंग्रजी टाइप करता येत होतं. एवढ्या भांडवलावर मला घेतलं होतं.

अध्यक्ष होते दत्तोपंत निगुडकर. सगळे त्यांना जज्जसाहेब म्हणत. ते खरोखरीचे जज्ज होते, म्हणजे होऊन गेले होते. उभी नोकरी कोकणातल्या तालुक्यांच्या कोर्टांत गेलेली. कौलारू कोर्ट, पावसात गळणारी रेकॉर्ड रूम, बांधाचे दावे, वहिवाटीचे दावे, फणसाच्या एका झाडासाठी तीन पिढ्या लढणारे भाऊ. पंचवीस-तीस वर्षं खालच्या कोर्टात काढून ते खालच्याच कोर्टातून निवृत्त झाले. वर कधी गेले नाहीत. त्यांच्यासमोर दावे चालवणारे वकील पुढे वरच्या कोर्टांत न्यायाधीश झाले आणि समारंभात भेटले की यांच्या पाठीवर हात ठेवू लागले, हे ते हसत सांगत. हसताना डोळे हसत नसत.

त्यांची एक गोष्ट सगळ्या कुवेतला पाठ होती. एका पक्षकाराने आंब्याची पेटी घरी पाठवली. साहेबांच्या बायकोला काही ठाऊक नव्हतं, तिने एक आंबा कापला. साहेबांनी पेटी परत पाठवलीच, पण कापलेल्या आंब्याच्या बदल्यात बाजारातून दुसरा आणून पेटीत घातला. ही गोष्ट ते दर बैठकीला सांगत. मला ती दर वेळी आवडे.

मुलगा इथे तेल कंपनीत इंजिनिअर. बायको गेल्यावर त्याने वडिलांना आणून घेतलं. सालमियात तीन खोल्यांचा फ्लॅट. साहेब नातवंडांच्या खोलीत, दोन मजली पलंगाच्या खालच्या मजल्यावर झोपत. भिंतीवर कार्टूनची चित्रं. नातवंडं त्यांना “ग्रॅण्डपा, प्लीज मूव्ह” म्हणत. ते बेसिनमध्ये खाकरले म्हणून सुनेने तोंड वाकडं केलेलं मी दोनदा पाहिलं. ज्यांच्या येण्याने एके काळी अख्खं कोर्ट उभं राहत असे, त्यांना या घरात टीव्हीसमोरून बाजूला व्हायला सांगितलं जात होतं. हे मी त्यांच्या बाजूने लिहिते आहे, म्हणजे पुढचं लिहिताना माझा हात फार वाकडा पडणार नाही.

आणि पहिल्या वर्षी त्यांनी काम केलं, हेही लिहायला हवं. शुक्रवारी सुट्टी, सकाळी दहाला त्यांच्या हॉलमध्ये समिती बसायची. जेवणाच्या टेबलावरची प्लॅस्टिकची फुलं उचलली जात, साहेब काळा कोट घालून मधल्या खुर्चीत बसत, आणि सिलिंडरवाल्याला हाक मारावी तशा आवाजात मी नाव पुकारत असे. एका खोलीत राहणारे दोन प्लंबर, एक माळकरी आणि एक रोज सुकट भाजणारा, हातघाईवर आले होते. साहेबांनी दोघांना एकेक प्रश्न विचारला आणि अर्ध्या तासात दोघेही रडत होते. का रडले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एका नवऱ्याने बायकोचा इकामा लपवून ठेवला होता, म्हणजे इथे राहायचा परवाना. साहेब त्याला एवढंच म्हणाले, “तुम्ही तो इथे टेबलावर ठेवेपर्यंत मी जेवणार नाही, आणि मला मधुमेह आहे.” तो टॅक्सीने घरी जाऊन इकामा घेऊन आला. मी घरी येऊन श्रीधरला सांगायची, आज साहेबांनी काय केलं माहीत आहे? श्रीधर म्हणायचा, तुझे साहेब.

एकदा कागद आवरताना ते मला म्हणाले, “बाई, तुम्ही वकील व्हायला हव्या होतात. नेमकं काय टिपायचं ते तुम्हाला कळतं.” असं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. हे वाक्य मी बरेच दिवस जपलं. त्याची किंमत पुढे कळली.

दुसऱ्या वर्षी साहेबांच्या विरोधात उमेदवार उभा राहिला. एक फार्मसिस्ट, तरुण, कामगारांच्या कॅम्पांत जाऊन औषधं वाटणारा. साहेबांनी वरवर दाखवलं नाही, पण त्यांचं कागद उलटण्याचं प्रमाण वाढलं. अंगठा जिभेला लावायचा आणि पान उलटायचं, ही त्यांची सवय मला आधी घरगुती वाटायची. त्या वर्षी मी ती बघायला लागले. जीभ, अंगठा, पान. ज्या पानांवर मी लोकांची दुःखं लिहून ठेवली होती, त्यांच्या कोपऱ्यांवर ओले ठसे.

त्याच धुळीच्या दिवसांत सहदेवचं प्रकरण आलं.

सहदेव मेस्त्री, संगमेश्वरकडचा सुतार. जहराजवळच्या एका कॅम्पात राहायचा, बांधकामाच्या कंपनीत शटरिंगचं काम करायचा. लाकूड कापायच्या मशीनवर त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मशीनच्या पात्यावर लोखंडी कव्हर असतं, ते त्या दिवशी नव्हतं. फोरमन पराडकर, तोही आपल्यातलाच, त्याने कंपनीला लिहून दिलं की सहदेव दारू पिऊन कामावर आला होता. या देशात दारूला बंदी. कॅम्पात चोरून गाळतात, पितात, ते सगळ्यांना माहीत असतं. पण कागदावर आलं की माणूस संपला. कंपनीचा मॅनेजर मल्याळी, बरा माणूस. त्याने सहदेवला सांगितलं, तुमच्या मंडळात मोठे जज्ज आहेत म्हणतात. तू पीत नाहीस असं त्यांनी लिहून दिलं, तर मी तुला स्टोअरमध्ये बसवतो, घरी पाठवत नाही.

तो शुक्रवार मला खोलीच्या वासासकट आठवतो. ओल्या टॉवेलांचा कुबट वास, एसीतून येणारा मातीचा वास, आणि सहदेवच्या हाताच्या पट्टीचा आयोडिनचा. तीस-बत्तिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, डावीकडे पाडलेला भांग. कुणीतरी पाडून दिला असावा.

“काय झालं ते सांगा,” साहेब म्हणाले.

“लाकूड कापत व्हतो साहेब. पात्यावरचं कव्हर काढलेलं व्हतं.”

“कुणी काढलेलं?”

सहदेवने पराडकरकडे बघितलं. “आधीच काढलेलं व्हतं.”

“मी ते विचारलं नाही.”

“फोरमननी. कव्हर असलं की काम सावकाश व्हतं म्हणून.”

पराडकर गुटगुटीत माणूस, गळ्यात सोन्याची साखळी. तो उठून म्हणाला, “साहेब, खोटं बोलतोय. कव्हर जागेवर होतं. हा झिंगलेला होता.”

मग इस्माईलभाई उभे राहिले. रत्नागिरीच्या खाडीकाठचे, जहरात त्यांचा बक्काला होता, म्हणजे किराणा दुकान. अपघात झाला तेव्हा ते कॅम्पात माल उतरवत होते.

“साहेब, माझ्या पिकपमधनं मी याला हॉस्पिटलात नेला. अर्धा तास याचं डोकं माझ्या खांद्यावर व्हतं. दारूचा वास मला कळणार नाय? माझा सख्खा भाऊ त्याच्यापायी गेला.”

साहेबांनी चष्मा पुसला आणि पराडकरला जवळ बोलावलं. आवाज एकदम मवाळ.

“कव्हर आता कुठे आहे?”

“मशीनवर आहे, साहेब. बसवलंय.”

“छान. कधी बसवलंत?”

“त्याच दिवशी, दुपारनंतर. लगेच.”

“काढलंच नव्हतं, तर बसवलं काय?”

पराडकर गळ्यातली साखळी चाचपू लागला. मी ते वाक्य जसंच्या तसं टिपलं आणि खाली रेघ मारली. तालुक्याच्या कोर्टांतली तीस वर्षं या एका प्रश्नासाठीच गेली असावीत असं वाटलं मला.

सगळे गेल्यावर चहा पिताना साहेब म्हणाले, “मुलगा स्वच्छ आहे, बाई. लिहून घ्या.” आणि त्यांनी सांगितलं, ‘सदर इसम निर्व्यसनी असून अपघातसमयी त्याने मद्यप्राशन केलेले नव्हते, याबद्दल समितीची पूर्ण खात्री झाली आहे.’ मी म्हटलं, उद्या-परवा पक्कं करून आणते.

दोन दिवसांनी संध्याकाळी सहीला कागद घेऊन गेले, तर हॉलमध्ये पराडकर बसलेला. पायाशी थर्माकोलची पेटी. त्यात हमूर मासा होता, बर्फात. साहेब पेटीकडे बोट दाखवून म्हणत होते, “उचला ती. मी आयुष्यात पक्षकाराचा आंबासुद्धा खाल्लेला नाही.” मला बघून आवाज आणखी चढला. मला अभिमान वाटला. लिहायलाही लाज वाटते, पण वाटला.

पराडकरला राग आला नाही. त्याने पेटी स्वतःच्या पायाकडे ओढून घेतली.

“नको तर नको, साहेब. मी वेगळ्याच कामाला आलो. मतदानाला बस किती वाजता आणू ते विचारायचं होतं. आमच्याकडून तीन बस भरतील.”

साहेबांनी उगाचच टेबलावरची प्लॅस्टिकची फुलं सरळ केली.

“पोरं मला विचारतात, मत कुणाला द्यायचं. अजून मी काय सांगितलं नाय.”

आतल्या खोलीत कार्टूनमधलं कुणीतरी जोरजोरात हसत होतं. साहेबांनी माझ्या हातातून पत्र घेतलं, वाचलं. जीभ, अंगठा, दुसरं पान. दुसरं पान कोरं होतं. मग म्हणाले, “बाई, आज राहू दे हे. एक शब्द मला पुन्हा तपासायचा आहे.”

एक शब्द. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून नवा मजकूर सांगितला. आता तो असा होता: ‘सदर इसम मद्यप्राशन करत नाही, असे समितीस खात्रीने सांगता येत नाही.’

मी पेन खाली ठेवलं. “साहेब, तुम्हीच म्हणालात मुलगा स्वच्छ आहे.”

“ते माझं खासगी मत.”

“आणि कव्हरचं? काढलंच नव्हतं तर बसवलं काय, ते?”

“त्याने कव्हर सिद्ध होतं, बाई. दारू सिद्ध होत नाही. न पिणं तर त्याहून होत नाही. नकार कोण सिद्ध करणार?” ते माझ्याकडे झुकले. जवळून त्यांच्या तोंडाला लवंगेचा आणि त्याखाली आणखी कशाचा तरी वास होता. “या वाक्यात खोटं काय आहे ते मला दाखवा. एक अक्षर दाखवा, मी कागद फाडतो.”

मी दाखवू शकले नाही. वाक्यात खोटं काही नव्हतं. तीस वर्षांची विद्या त्या वाक्यात होती. मांजर विष्ठेवर माती ओढतं तितक्या सफाईने त्यांनी ते रचलं होतं, आणि वर माझ्याकडे बघत होते, वर्गात पहिल्या आलेल्या मुलाने बघावं तसे. आंबा परत करणारा माणूस. मासा परत करणारा माणूस. कुणी सोन्याच्या साखळ्यांची पेटी आणली असती तरी त्यांनी ती परत केली असती, आणि ती परत करताना त्यांना खरंच आनंद झाला असता. त्यांना फक्त ती खुर्ची हवी होती. आणखी एक वर्ष शुक्रवारी सकाळी दहा ते एक.

मी ते पत्र शाळेच्या कॉम्प्युटरवर इंग्रजीत टाइप केलं. का केलं? श्रीधर म्हणाला होता, आपल्याला काय करायचंय, सही त्यांची आहे. साहेब माझ्या वडिलांच्या वयाचे होते. आणि मला वकील व्हायला हवं होतं असं म्हणणारा जगात तो एकच माणूस होता. कारणं ही एवढीच आहेत. मी टाइप केलं, एक चूक होती ती दुरुस्त केली, पुन्हा छापलं. पत्र बंद पाकिटात पराडकरच घेऊन गेला. आठवड्याभरात सहदेवची नोकरी रद्द झाली.

मतदानाच्या दिवशी धूळ होती. एका शाळेच्या हॉलमध्ये पडदे लावून जागा केली होती. जहराहून तीन बस आल्या. माणसं उतरली तेव्हा सगळ्यांचे केस, भुवया, पापण्या राखाडी झालेल्या. एका दिवसात म्हातारी झाल्यासारखी. पराडकर दारात उभा राहून प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत आत सोडत होता आणि पुलावाची पाकिटं बाहेर पडताना मिळतील असं सांगत होता. यातल्या निम्म्यांना मशीनवरच्या कव्हरचं खरं ठाऊक होतं. ते रांगेत नीट उभे राहिले. साहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत हात जोडून बसले होते, आणि प्रत्येक राखाडी माणूस जाताना वाकून त्यांच्या पायांना हात लावत होता. साहेब डोक्यावर हात ठेवत होते. नंतर तो हात रुमालाला पुसत होते.

मी यादी घेऊन पडद्याजवळ बसले होते. समोर सहदेव येऊन उभा राहिला. दोन दिवसांनी त्याचं विमान होतं.

“बाय, माझा हात हा असा. शिक्का तुम्हीच मारा.”

अडचण असलेल्याला मदत करायची परवानगी होती. मी त्याच्याबरोबर पडद्याआड गेले. “कुणाला?” मी विचारलं. वर बघवत नव्हतं.

“साहेबांना. त्यांनी माझ्यासाठी एवढं पत्र लिवलं ना.”

मी तेव्हा सांगू शकले असते. पडद्याआड आम्ही दोघंच होतो. पत्र इंग्रजीत होतं, याला वाचता आलं नसणार, याला वाटतंय साहेबांनी बाजू घेतली आणि कंपनीने ऐकलं नाही, हे सगळं मला त्या क्षणी कळलं, निदान कळलं असं वाटलं. आणि मी शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि निगुडकरांच्या नावासमोर मारला. सहदेवने वाकून बघितलं.

“नीट उठलाय,” म्हणाला. डाव्या हाताने कागदाची घडी घालून पेटीत टाकली आणि पुलाव न घेता बसकडे गेला.

साहेब दुपटीहून जास्त मतांनी निवडून आले. हार घालून घेतला, भाषणात आंब्याची गोष्ट सांगितली. लाडू खाताना त्यांच्या हनुवटीला बुंदीची एक कळी चिकटली होती आणि भाषणभर ती तिथेच होती. टाळ्यांत माझ्याही टाळ्या होत्या. माझ्या बोटाला जांभळी शाई लागलेली. दोन दिवस गेली नाही. कणीक मळताना दिसायची.

वाटेल की मी समिती सोडली. सोडली, पण वर्षभराने, आणि शाळेच्या परीक्षांचं काम वाढलं असं सांगून. ते वर्षभर मी दर शुक्रवारी टिपणं घेतली. साहेबांचे निवाडे आता तयार मालासारखे बाहेर पडत. ‘खात्रीने’, ‘सकृद्दर्शनी’, ‘उभयपक्षी’. कॅम्पांतले लोक येईनासे झाले होते. यायचे ते पराडकरसारखे. साहेब आणखी एकदा निवडून आले, मग प्रकृतीच्या कारणाने भारतात गेले. जाताना त्यांना शाल दिली. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं.

मंडळाने स्मरणिका काढली आणि मला फोन आला, साहेबांवर तुम्हीच लिहा, तुम्ही जवळून पाहिलंत. मी नाही म्हणेन असं मला वाटलं होतं. मी दोन पानं लिहिली. बिचारे गेले, आता काय उकरायचं, असं स्वतःला सांगितलं. छापलेला अंक दारात आला, मी उभ्या उभ्या उघडला, आणि माझ्याच लेखात माझाच शब्द दिसला: न्यायनिष्ठुर. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. उपमा म्हणून लिहीत नाही. सकाळचा चहा आणि टोस्ट.

मग मी इस्माईलभाईंच्या दुकानात गेले. जहरापर्यंत टॅक्सी करून. ते म्हातारे झाले होते, गल्ल्यामागे पुतण्या बसला होता. सहदेवचा पत्ता मागितला. त्यांनी मला ओळखलं, आणि ओळखल्यावर चेहरा बंद केला. कुणा गिऱ्हाइकासाठी खुबूसच्या रोट्या पिशवीत भरता भरता पत्ता सांगितला.

“जा,” म्हणाले. “पण रडाय जाऊ नको. त्याला येळ नसतो.”

त्या मे महिन्यात सुट्टीला आले तेव्हा माहेरी खोटं सांगून मी एसटीत बसले. शेवटचा फाटा, मग चिऱ्यांची पायवाट. सहदेवची पिठाची गिरण होती. पत्र्याची शेड, आत पट्ट्याचा थडथड आवाज, हवेत नाचणीचा गरम वास. तो उजव्या मनगटाने डबा दाबून धरायचा आणि डाव्या हाताने दळण ओतायचा. केस पिठाने पांढरे. समोर तीन बायका डबे घेऊन बसलेल्या.

त्याने मला बघितलं. “बाय. वळखलं मी. बसा.” आणि पुढच्या बाईला, “जाडं की बारीक?”

वाटेत मी काय बोलायचं ते मनात जुळवून आणलं होतं, हळू आवाजातलं, नीट. पण गिरण चालू होती. काही ऐकू जाईना. मग मी ओरडून सांगू लागले. पहिल्या पत्रात काय होतं, दुसऱ्यात काय झालं, पराडकर कधी आला, साहेब काय म्हणाले, मी टाइप केलं, मी. दोन बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. तिसरी उघड उघड बघत होती. सहदेवने दळण संपेपर्यंत ऐकलं आणि पट्टा उतरवला. एकदम शांतता झाली.

“ठाऊक व्हतं मला,” तो म्हणाला.

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही.

“मॅनेजरनी कागद हातात दिला व्हता. इस्माईलभाईच्या पुतण्यानी वाचून दाखवला. खाली टाइप करणाऱ्याचं नाव पण व्हतं.”

“मग मत का दिलंस त्यांना?”

“पासपोर्ट पराडकरच्या खिशात व्हता. बसमदी चढून साहेबांना मत दिल्याशिवाय देणार नव्हता. घरी तर यायचं व्हतं ना.”

“आणि मला म्हणालास, साहेबांनी तुझ्यासाठी पत्र लिहिलं…”

“लिवलंच व्हतं की.” तो डब्याच्या कडेचं पीठ तळव्याने आत लोटत होता, दाणाही सांडू न देता. “डावा हात धड व्हता माझा, बाय. पेटीत कागद मीच टाकला. शिक्का मारता आला असता. पन तुम्ही काय करता ते बगायचं व्हतं मला. म्हटलं, बाय शिकवणाऱ्या हायत. बोलतील.”

चिऱ्याच्या उंबऱ्यावर एक कोंबडी चढली आणि उतरली. माफी माग, असं मनात आलं, आणि तेही किळसवाणं वाटलं, कारण मागितली असती तर ती द्यायचं कामही त्यालाच करावं लागलं असतं, या धंद्याच्या वेळी. तरी मी तोंड उघडलं.

त्याने पट्टा चढवला आणि गिरण पुन्हा सुरू केली. पुढची बाई डबा घेऊन उठली आणि माझ्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिचा नंबर होता.